कवडीची अकरा पिल्लं

फार मागे, एका लहानशा संस्थानात शिकारीसाठी तित्तर पाळत असत. रखवालदार सटवाजी रानातून त्यांची अंडी आणी आणि कवडी नावाच्या खुडूक कोंबडीखाली ठेवी. त्या उन्हाळ्यात अकरा पिल्लं निघाली. कवडीने त्यांना आपली म्हणूनच वाढवलं. सटवाजीही त्यांना जिवापाड जपे. तो त्यांच्यासाठी वाळवी खणून आणी, कोल्ह्यापासून राखण करी आणि शीळ घालून तळहातावर दाणे देई.

एकदा जाळीबाहेरून रानातला म्हातारा तित्तर म्हणाला, "कवडीबाई, पोरांना माणसापासून पळायला शिकवा."

"सटवाजीपासून? अहो, पावसात त्याने स्वतःची घोंगडी यांच्यावर घातली. त्याला काय भ्यायचं?" कवडी म्हणाली, आणि शीळ ऐकू येताच तिनेच पिल्लांना पुढे ढकललं.

थंडी पडली, शिकारीचा हंगाम आला. सटवाजीने आता मोठी झालेली ती अकरा पोरं माळावर सोडली. ती गवतात पांगली, तेव्हा त्याने शीळ घातली. सगळी आनंदाने उडत आली. झुडपांमागे राजेसाहेब आणि त्यांचे पाहुणे बंदुका रोखून बसले होते.

संध्याकाळी एकच पोर मोडका पंख ओढत परतलं. कवडीच्या कुशीत शिरून त्याने विचारलं, "आई, सटवाजी आमच्यावर रागावला होता का गं?"

कवडीने त्याच्या मोडक्या पंखावर आपला पंख पांघरला.

"नाही रे बाळा," ती म्हणाली, "तो कधीच रागावला नव्हता."