धनेशाची फट

सातपुड्यात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्यांच्या रीतीप्रमाणे मादी अंडी घालायला ढोलीत शिरली आणि तिने दार आतून चिखलाने लिंपलं. चोच जाईल एवढीच फट ठेवली. आत तिची पिसं झडली, उडणं बंद झालं. तीन पिल्लं निघाली. चौघांचा जीव आता नर आणेल त्या उंबरांवर होता.

नराला मात्र वाटेतल्या मोहाखालच्या आंबलेल्या फुलांची चटक लागली. सकाळी गेलेला तो दुपारी डुलत, रिकाम्या चोचीने यायचा.

"भाऊजी, जरा नाचा की!" बुलबुल खिदळायचे.

"अहो, पिल्लं उपाशी आहेत. आमच्या ह्यांना आवरा कुणीतरी!" ती फटीतून ओरडली.

"वहिनी, तुमच्या घरातलं तुम्ही बघा," कावळा म्हणाला. रोज नराला मोहाखाली नेणारा तोच होता.

चौथ्या दिवशी धाकटं पिल्लू गेलं. मग सगळा शेजार जमला. हळहळायला सगळ्यांना वेळ होता.

एक म्हातारा धनेश तेवढा नराजवळ जाऊन बसला. "मीही तीच फुलं खायचो," तो म्हणाला. "आजचा दिवस सोड. उंबरापर्यंत मी येतो सोबत."

नराने फटीतून उंबरं दिली आणि तो रडू लागला. "मला माफ कर गं."

"ते नंतर बघू. ही दोघं अजून भुकेली आहेत. परत जा."

तो वळला. वाटेत मोहाचा वास आलाच. म्हातारा त्याच्या आणि मोहाच्या मधून उडत राहिला.