वाघरीच्या दोरीएवढं पिल्लू

एका उघड्याबोडक्या माळावर एक धनगरीण राहायची, आणि ऊन कललं की तिची नजर पुन्हा पुन्हा झुडपांकडे जायची. तिचा राखणीचा म्हातारा कुत्रा लांडग्याशी झुंजून मेला होता. मेंढरांभोवती जाळी, म्हणजे वाघर, लावलेली असे. पण लांडगा जाळीला थोडाच भितो?

म्हाताऱ्या कुत्र्याची दोन पिल्लं मागे राहिली होती. जात थोराड, पंजे आत्ताच बशीएवढे. एक थोरल्या जावेनं घेतलं, एक हिनं. त्या माळावरची रीत अशी, की पिल्लाचं डोकं वाघरीच्या वरच्या दोरीला लागलं की ते राखणीला लायक झालं समजायचं. झालं! बाई रोज पिल्लाला दोरीशी उभं करू लागली.

डोकं लागत नसे, आणि ती वाडग्यात आणखी ओतत असे. मेंढीचं दूध, लोण्याचा गोळा, अंडी, वर हाडं घट्ट व्हावीत म्हणून चुन्याची निवळी. पिल्लू बिचारं सगळं चाटूनपुसून खाई.

थोरलीचं पिल्लू मात्र सडपातळ होतं. भाकरी, ताक, कधी मटणाचा तुकडा, तेही बेताबेतानं.

"अक्का, उपाशी मारताय का काय त्याला?" हिनं चिडवलं.

"पोटापुरतं खातंय की. थोराड जातीचं हाय, सावकाश वाढू दे."

"लांडगा सावकाश येणार हाय व्हय?"

हिचं पिल्लू भराभर वाढलं. भावाच्या आधी दोरीला लागलं. त्या दिवशी बाई किती दिवसांनी पोटभर जेवली.

पण लवकरच ते लंगडू लागलं. आज पुढचा पाय, उद्या मागचा. तिनं पंजे उलटेपालटे करून पाहिले, काटा कुठेच नव्हता. हात लावला की कळवळे. तिला वाटलं, अशक्तपणा आहे. तिनं लोणी वाढवलं, चुना वाढवला, आणि पिल्लाला उठणंही जड जाऊ लागलं.

एके दिवशी तिन्हीसांजेला लांडगा आला. पिल्लू धडपडत उठलं, दोन पावलं गेलं आणि खाली बसलं. जावेचं ते सडपातळ पिल्लू भुंकत धावलं, माणसं ओरडत आली, तरी लांडग्यानं हिचं एक कोकरू नेलंच. हिचं पिल्लू बसल्या जागी केविलवाणं ओरडत राहिलं. बाईला रडू आवरेना.

"ह्याचं अंग आधी वाढलं, हाडं मागं राहिली," जाऊ त्याच्या पायावरून हात फिरवत म्हणाली. "कवळ्या हाडांनी एवढा भार कसा पेलावा? चुना बंद कर. खाणं कमी कर. ठणका जाईल, पण धीर धरावा लागंल."

"आणि तवर लांडगा आला तर?"

"तवर तू हायेस की."

धीर धरणं सोपं नव्हतं. पिल्लू रिकामा वाडगा तिच्या पायाशी ढकली आणि तोंडाकडे बघत राही. एके सकाळी वाघरीपाशी लांडग्याची पावलं उमटलेली दिसली. बाईचा हात आपोआप लोण्याच्या गाडग्यात गेला. गोळा घेऊन ती पिल्लाच्या वाडग्यापर्यंत गेली. मग तिनं तो नवऱ्याच्या भाकरीवर थापला. एवढे लाड कशापायी, ते त्याला काही कळेना. ती मात्र काठी घेऊन स्वतः वाघरीपाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून राखण तिची.

भीती गेली नाही. पण दोरीला लागलं म्हणून पिल्लू राखणीला लायक झालं, असं समजणं तिनं सोडलं.

पुढे एकदा पुन्हा तिन्हीसांजेलाच झुडपं हलली. बाईनं काठी घट्ट धरली. तोच तिच्या बाजूनं तिचा, आता पुरता वाढलेला, कुत्रा पुढे झाला आणि चारी पाय रोवून उभा राहिला. गुरगुरला नाही, लंगडलाही नाही. लांडगा थबकला आणि आल्या वाटेनं निघून गेला.

कुत्र्याचा पुढचा एक पंजा मात्र जन्मभर किंचित बाहेर वळलेला राहिला. वाडगा ठेवताना बाईची नजर रोज आधी त्या पंज्यावर जाई.

तात्पर्य: आपल्याला भीती वाटते म्हणून लेकराला घाईनं मोठं करू नये; ते उभं राहीपर्यंत राखणीला आपण बसावं.