पाटाच्या शेवटी राहणारा राजा

तहानलेल्या नगरात सगळ्यांत शेवटी पाणी कोणी प्यावे, असे विचारले तर तुम्ही कोणाचे नाव घ्याल?

शास्त्यांनी एकदा विहारात हाच प्रश्न केला. मग त्यांनी आपल्या एका पूर्वजन्माची हकिकत सांगितली.

फार पूर्वी शोणवती नावाच्या राजधानीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पाटकऱ्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव धरणक. डोंगराखालच्या तलावातून निघालेला दगडी पाट सगळ्या नगरातून जाई आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी त्याला लाकडी दार होते. पाळीप्रमाणे दार उघडून आळीच्या हौदात पाणी सोडायचे आणि वेळ झाली की दार लावायचे, हे धरणकाचे काम होते. वेळ मोजायला त्याच्याकडे तांब्याची एक वाटी होती. तिच्या तळाला बारीक भोक होते. घंगाळातल्या पाण्यावर ती वाटी सोडली, की हळूहळू भरे आणि बुडे. वाटी बुडाली की पाळी संपली. कुंभारआळी असो की सराफआळी, वाटी एकच.

राजनिवास या पाटाच्या अगदी शेवटी होता. नगर वसवणाऱ्या राजाने तो मुद्दाम तिथे बांधला होता. वर कुठे पाट फुटला किंवा कोणी पाणी चोरले, तर आधी राजाचा रांजण कोरडा पडे. म्हणून शंभर वर्षांत पाट कधी एक दिवसही फुटका राहिला नव्हता.

सुबाहूला मात्र याची लाज वाटे. परराज्यांचे दूत हातपाय धुण्यासाठी दुपारपर्यंत खोळंबत. पुरोहित कुलवर्धन त्याला म्हणे, "एवढ्या मोठ्या देशाचे धनी आपण, आणि पाण्याला उभे कुंभारणींच्या मागे. दूत घरी जाऊन काय सांगत असतील, महाराज?"

राजाने तलावाच्या काठी, पाटाच्या मुखाशी नवा राजनिवास बांधायला घेतला. त्यात कमळांसाठी सोळा पुष्करिणी खोदल्या. तीन वर्षांनी, ऐन वैशाखात, तो बांधून झाला.

गृहप्रवेशाला आठ दिवस उरले असताना पुरोहित धरणकाच्या झोपडीत आला. त्याने पंच्याच्या घडीतून दोन नव्या वाट्या काढल्या.

"दिसायला सारख्याच आहेत," तो म्हणाला. "हिचं भोक जरा बारीक आहे, ही महाराजांच्या पाळीला लाव. हिचं जरा मोठं, ही बाकीच्यांना. कुणाला कळायचं नाही."

"मला कळेल," धरणक म्हणाला.

"तुला राजनिवासाच्या आवारात घर मिळेल. मग किती कळतं ते बघू."

धरणकाने दोन्ही वाट्या घंगाळात सोडल्या. लोकांची वाटी बुडाली. राजाची तरंगत राहिली, बराच वेळ राहिली. पुरोहिताने दोनदा जांभई दिली.

"एवढ्या वेळात सगळी कुंभारआळी पाणी भरते," धरणक म्हणाला. "आधी कुणाला द्यायचं ते महाराजांनी ठरवावं, मी तसं दार उघडीन. पण मोजायची वाटी मी बदलणार नाही." त्याने वाट्या पुसून परत दिल्या.

त्याच उन्हाळ्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. कुंभारआळीत पुष्या नावाची एक विधवा होती. एका दुपारी ती पाटाच्या दाराशी आली. "दादा, आज अर्धी वाटी जास्त सोडा. कालवलेली माती तडकायला लागली."

"अर्धी सोडली तर उद्या सगळी आळी दारात उभी राहील, पुष्ये."

"तुमच्या वाटीला मन नाही बघा."

"नाहीच. म्हणून तर ती सगळ्यांना पुरते."

ती पुटपुटत परत गेली. थोड्या वेळाने धरणक आपल्या घरातले पिण्याचे पाणी दोन हंड्यांत भरून तिच्या अंगणात ओतून आला. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली नाही. हे पुष्याला ठाऊक होते. त्याच्या बायकोनेच तिला ते ऐकवले होते.

गृहप्रवेशाच्या दिवशी सगळे नगर नव्या राजनिवासासमोर जमले. मागे पंगतीची पाने मांडलेली होती. पुरोहित उभा राहून म्हणाला, "हा पाटकरी चोर आहे. त्याने पाटाचं पाणी कुंभारआळीत नेऊन विकलं. हंडे नेताना लोकांनी बघितलंय."

"मीही बघितलं," सराफआळीतला एकजण म्हणाला. "तरीच आमचा हौद भरत नव्हता."

राजाने विचारले, "धरणका, तुझ्या बाजूने कोणी आहे?"

"ते पाणी माझ्या घरचं होतं, महाराज. ज्या अंगणात ओतलं तिथली बाई समोर आहे. आणि पुरोहितांकडे दोन वाट्या आहेत. त्या मागवा, इथे सगळ्यांसमोर पाण्यात सोडा."

"आज मंगल दिवस आहे," राजा म्हणाला. "वाट्या काय बुडवत बसायच्या?" मग तो पुष्याकडे वळला.

त्याच सकाळी राजनिवासाच्या मुदपाकखान्याला वर्षभराची मडकी पुरवण्याचे काम पुष्याला मिळाले होते. पुरोहिताने स्वतः निरोप धाडला होता. तिने पदर सावरला.

"पाणी आलं होतं, महाराज. कुठलं ते मी विचारलं नाही."

धरणकाला नगराबाहेर घालवण्याचा हुकूम झाला. तांब्याची जुनी वाटी काढून घेतली. लोक पंगतीकडे जाऊ लागले. जाताजाता कोणी म्हणाले, "घंगाळ तेवढं घेऊन जा रे, आंघोळीला होईल," आणि बरेच लोक हसले.

वेशीपाशी पुष्या त्याला सामोरी आली. धरणक म्हणाला, "उद्यापासून पाणी कमी येईल. माती थोडीथोडीच कालवत जा." एवढे बोलून तो बायकोसह चालू लागला. त्याच्या मनात तिच्याविषयी राग नव्हता.

हकिकत सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पुरोहित म्हणजे आजचा देवदत्त. राजा म्हणजे तळ्याला कुंपण घालणारा या गावचा श्रेष्ठी. पुष्या म्हणजे तुमच्यातली ती वृद्ध भिक्षुणी, जी रोज सगळ्यांच्या आधी उठून विहारातली मडकी भरते आणि का भरते ते तिलाही सांगता येत नाही. धरणक मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता पाळली."

नगरातले लोक कोण होते, ते शास्त्यांनी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

एका भिक्षूने एवढेच विचारले, "भन्ते, मग त्या नगराचं काय झालं?"

शास्ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पाटकऱ्याने राजनिवासाचे दार आधी उघडले. सोळाही पुष्करिणी भरल्या. मग कुंभारआळीची पाळी आली. पुष्याने हौदाच्या तोंडाशी मडके लावले, आणि ते अर्धे भरले होते तेव्हा वाटी बुडाली."