पायाचा ब्रेक, हाताचा ब्रेक

फार वर्षांमागची गोष्ट. घाटात तेव्हा मोटारींपेक्षा वानरं जास्त होती. एखादी मोटार घाट चढू लागली की तिचा आवाज माथ्यावरच्या गावाला अर्धा तास आधी ऐकू यायचा. बायका तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायच्या, आली दौलूची गाडी. कधी म्हणायच्या, आली यसबाची. गाडी मात्र एकच होती.

दौलू आणि यसबा हे लहानपणापासूनचे सोबती. दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकले आणि पुढे एकाच खडीच्या ट्रकवर गाडी चालवायला शिकले. तरणे झाल्यावर दोघांनी आपापली शिल्लक एकत्र केली आणि घाटाखालच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची काळी मोटार विकत घेतली. ती गावात आली त्या दिवशी यसबाच्या आईने, म्हाळसाबाईने, तिच्या चारही चाकांना हळदकुंकू लावलं आणि कुणाची दृष्ट लागू नये म्हणून पुढे लिंबू-मिरची बांधली.

ठरलं ते असं. एक दिवस दौलूचा, एक दिवस यसबाचा. ज्याचा दिवस त्याची उतारूंची कमाई, त्याचंच पेट्रोल, आणि त्या दिवशी जे मोडेल त्याची दुरुस्तीही त्यानेच करायची. सरळ व्यवहार होता. त्यात खोट काढण्यासारखं तेव्हा कुणालाच काही दिसलं नाही.

पहिली काही वर्षं काय सुखाची होती. दौलूचा दिवस असला तरी यसबा सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालायला हजर असायचा. यसबाची गाडी घाटात तापली तर दौलू घागर घेऊन निम्म्या वाटेवर जायचा. आठवड्यातून एकदा दोघं तिला ओढ्यावर नेऊन म्हशीसारखी घासून धुवायचे. गावचा दस्तगीर मिस्त्री बॉनेट उघडून वाकला की एक जण उजव्या बाजूला उभा राही, दुसरा डाव्या. मिस्त्रीने पाना मागावा आणि दोघांनी एकदम पुढे करावा. त्या काळी दोघंही ‘आपली गाडी’ म्हणत. माझी-तुझी हा शब्दच त्यांच्या तोंडी नव्हता.

मग संसार वाढले. गाडीही म्हातारी झाली. आज प्लग, उद्या पट्टा, परवा पाणी गळतंय, असं तिचं सुरू झालं. ज्याच्या दिवशी ती मिस्त्रीकडे उभी राही, त्याची दिवसभराची मिळकत तिथेच संपे. आणि हळूहळू दोघांच्या बोलण्यात ‘तुझा दिवस’, ‘माझा दिवस’ असे शब्द आले.

लपवाछपवी कशावरून सुरू झाली ते आता कुणाला सांगता येणार नाही. मला वाटतं, मागच्या दिव्यावरून. दौलूच्या संध्याकाळी दिवा गेला, तो काही बोलला नाही, सकाळी यसबाला कळलं. यसबाने दिवा बदलला, पण मनात ठेवलं. पुढे त्याच्या दिवशी टायर बसलं, तेव्हा त्याने ते तसंच स्टेपनीच्या जागी ठेवून वर ताडपत्री घातली. दौलूला ते भर उन्हात, माळावर, उतारू खाली उभे असताना सापडलं. तोही काही बोलला नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ते झालं नाही. किल्ली देताना दोघंही हसून म्हणत, “गाडी एकदम झकास आहे.”

दस्तगीर मिस्त्रीला हे दिसत होतं. लगेच बदलायला हवा तो नट दोन महिने तारेने बांधलेला सापडला की त्याला काय ते कळायचं. एकदा त्याने हात पुसता पुसता दोघांना ऐकवलं, “दिवस तुम्ही वाटून घेतलेत. गाडीला वाटणी कळत नाही. ती आज जशी आहे तशीच उद्या उठते.” दोघंही आपापल्या घरी गेले.

मार्गशीर्षातली गोष्ट. दौलूचा दिवस संपत आला होता. गावाबाहेर गाडी उभी करताना त्याने हाताचा ब्रेक ओढला आणि आतली तार कटकन तुटली. दांडा सैल होऊन खाली पडला. दौलूने विचार केला, हाताचा ब्रेक लागतो कशाला, उभ्या गाडीला. चालत्या गाडीला पायाचा आहेच. त्याने दांड्याला सुतळी बांधून तो होता तसा दिसेल असा केला आणि किल्ली यसबाला दिली.

दुसरा दिवस यसबाचा. त्याला गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय होती, त्यामुळे दांड्याला त्याचा हात लागलाच नाही. पण परतताना त्याला पायाचा ब्रेक मऊ लागला. एकदा दाबला की खोल जाई, दोनदा दाबला की धरी. गावात आल्यावर त्याने वाकून पाहिलं. मागच्या चाकाच्या आतून ब्रेकच्या तेलाचा ओघळ आला होता. यसबाने डबीत होतं तेवढं तेल वरून भरलं. ओघळ चिंधीने पुसला, वर मूठभर धूळ चोळली. उद्या दौलूच्या लक्षात येईल, मिस्त्री जवळच आहे, आणि अगदीच वेळ आली तर हाताचा ब्रेक आहेच, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग तो किल्ली देऊन आला.

म्हाळसाबाईची नात घाटाखाली दिली होती. तिला मुलगी झाली होती आणि बारसं दोन दिवसांवर आलं होतं. यसबा आईला आपल्या दिवशी, म्हणजे उद्या, नेणार होता. पण पणतीचं तोंड बघायची म्हातारीला घाई. सकाळी यसबा शेताकडे गेलेला असताना तिने डिंकाच्या लाडवांचा डबा आणि जुन्या लुगड्याची दुपटी काखेत घेतली आणि ती सरळ दौलूच्या गाडीपाशी गेली. दौलूला ती आईच्या जागी होती. त्याने तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं. मागे बांगड्यांची पेटी घेऊन एक कासारीण बसली होती. तिला शहरातल्या बाजाराला जायचं होतं. गाडी निघाली.

यसबा घरी आला तेव्हा बायकोने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि सहज सांगितलं, की सासूबाई दौलूभावजींच्या गाडीने पुढे गेल्या.

यसबाने भाकरीला हात लावला नाही. तो तसाच उठला आणि पळत सुटला.

मोटारीची वाट डोंगराला वळसे घालत उतरायची. शिवाय खिंडीतल्या देवीपाशी थांबून नारळ वाढवल्याशिवाय कुणीही घाट उतरत नसे. गुराख्यांची पायवाट मात्र गावातून सरळ खाली चौथ्या वळणाला लागायची. यसबा त्या वाटेने उतरला. उतरला कसला, घसरत, झुडपं धरत, गुडघे फोडून घेत तो खाली आला. त्याच्या मनात एवढंच होतं, की गाडीच्या आधी रस्ता गाठायचा आणि ती वरच अडवायची.

पण तो रस्त्यावर आला तेव्हा गाडी तिसरं वळण ओलांडून येत होती.

दौलूला वरच कळलं होतं. पहिल्या वळणाला ब्रेक लागला, दुसऱ्याला मऊ झाला आणि तिसऱ्याला पाय थेट तळाला टेकला. त्याने गिअर खालचा टाकला, इंजिन ओरडू लागलं, तरी उतार तिला ओढतच होता. म्हाळसाबाईला त्याने काही सांगितलं नव्हतं. तिने लाडवांचा डबा पोटाशी घट्ट धरला होता.

यसबा रस्त्याच्या कडेला उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडला, “दौलू, पायाचा ब्रेक गेलाय. हाताचा ओढ.”

दौलू खिडकीतून ओरडला, “हाताचा परवाच तुटलाय.”

त्या दोन वाक्यांत दोघांनाही सगळं कळलं. इतक्या वर्षांत एकमेकांशी इतकं खरं ते बोलले नव्हते, आणि बोलले तेव्हा वेळ निघून गेली होती.

एक मात्र बरं झालं. पायवाटेने येताना यसबाने पाहिलं होतं, की चौथ्या वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला, रस्त्याच्या कामाचा मुरूम ओतून ठेवलेला आहे. त्याने तिकडे हात केला आणि ओरडून सांगितलं, “डोंगराकडे घाल. मुरमात.” दौलूने चाक फिरवलं. गाडीचं नाक मुरमाच्या ढिगात घुसलं, मागची बाजू उचलली गेली, पुन्हा आपटली आणि गाडी थांबली. पलीकडे दहा हातांवर दरी होती.

कुणाचा जीव गेला नाही. पण म्हाळसाबाईचा उजवा हात कोपरात मोडला. कासारणीची पेटी फुटली आणि सगळा रस्ता हिरव्या, लाल, पिवळ्या काचांनी भरून गेला. ती बाई रडली नाही. खाली बसून शाबूत राहिलेल्या बांगड्या एकेक करून वेचत राहिली, आणि दौलू तिच्या शेजारी बसून वेचू लागला. वेचताना त्याची बोटं कापली, तरी तो थांबला नाही.

म्हाळसाबाईला घोंगडीच्या झोळीतून दोघांनी खाली नेलं. हाडवैद्याने हात बांधला. ती शुद्धीवर होती आणि दोघं तिच्या उशाशी मान खाली घालून बसले होते.

मग तिने विचारलं, “यसबा, तुला ठाऊक होतं?”

त्याने हो म्हणून मान हलवली.

“आणि दौलू, तुला?”

त्यानेही मान हलवली.

“म्हणजे तुमच्यातल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी माझा हात शाबूत राहिला असता,” म्हातारी म्हणाली.

पणतीचं बारसं तिच्याशिवाय झालं. हात सांधला, पण वाकडाच. त्या हाताने तिला पोर कधी उचलून घेता आली नाही, मांडीवरच घ्यावी लागे.

गाडी तीन महिने दस्तगीर मिस्त्रीच्या अंगणात उभी राहिली. तेवढे दिवस माथ्यावरची माणसं घाट पायी उतरली आणि चढली. मिस्त्रीने दोघांना सांगितलं, मी हात लावणार नाही, दाखवीन फक्त. तुमच्या हातांनी खोला आणि तुमच्या हातांनी जोडा. चाकं निघाली, ब्रेकचे रबर बदलले गेले, नवी तार पडली. सुरुवातीला कुणी बोलत नसे. एके दिवशी दौलूने आपणहून त्या जुन्या दिव्याची गोष्ट काढली. यसबाने ताडपत्रीखालच्या टायरची सांगितली. मग एकेक निघत गेलं आणि दुपार कलली तरी संपलं नाही. शेवटी दोघंही हसले, आणि हसता हसता यसबाला रडू आलं.

दिवस पुढेही वाटलेलेच राहिले, पण दुरुस्ती दोघांची झाली. आणि किल्ली देताना ‘झकास’ म्हणणं बंद झालं. रोज संध्याकाळी पारापाशी एक जण किल्ली देई आणि आज कुठे काय वाजलं, काय सैल झालं, काय गळालं ते सांगे. दुसरा ऐकून घेई. उतारूही त्यांच्याभोवती उभे राहून ऐकत. मी त्यातला एक होतो. आता घाट रुंद झाला, घरोघरी मोटारी झाल्या, आणि कुणाच्या गाडीला काय झालंय हे दुसऱ्याला कळत नाही. ती संध्याकाळची बोलणी मला अजून ऐकू येतात.

गाडी सुरू झाली त्या दिवशी म्हाळसाबाई पणतीला भेटायला निघाली. दार उघडं होतं, पण ती चढेना. वाकडा हात पदराखाली घेऊन तिने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, “आज काय बिघडलंय?”

यसबा म्हणाला, “वायपर अडकतोय.”

दौलू म्हणाला, “काल रात्रीच सांगितलंय यानं मला. आणि माझ्या बाजूची काच वर होत नाही.”

“मग हरकत नाही,” असं म्हणून म्हातारी पुढच्या सीटवर जाऊन बसली, आणि गाडी घाट उतरू लागली.

म्हणून सांगतो: खोट झाकणं आपल्या हातात असतं, पण ती कुणाच्या वाट्याला जाईल हे आपल्या हातात नसतं.