तारामतीची सवारी

फार जुनी गोष्ट आहे, म्हणजे हत्ती रिटायर व्हायला लागले त्याच्या पुढच्याच वर्षीची. जन्मभर सवाऱ्या वाहिलेली तारामती हत्तीण रानातल्या हत्ती-आश्रमात राहायला आली. पहिल्याच सकाळी अर्ध्या दिवसाच्या सहलीचे सहा पाहुणे आले, तशी ती सवयीने गुडघे टेकून बसली. पण पाठीवर कोणीच चढलं नाही. सगळे लांबून नुसते प्रेमाने बघत राहिले.

तारामती घाबरली. तळ्याकाठच्या कासवाला म्हणाली, "आजोबा, कोणी बसतच नाही. आता मला परत पाठवतील."

"मी साठ वर्षं इथे काय करतो?"

"काहीच नाही."

"मग? मला कुठे कोणी परत पाठवलं? चल, तूच बस माझ्या पाठीवर."

"अहो, चपटे व्हाल!"

"बरं, सोंडेचं टोक ठेव."

तिने अलगद ठेवलं. कासव निघालं. दुपारी पाहुणे परतले, तोवर दोघं चार हात पुढे गेली होती.

"कुठे जायचंय?" कासवाने विचारलं.

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ती हळूच म्हणाली, "तळ्याच्या पलीकडे."

"ठीक. दिवाळीपर्यंत पोचू."