गेनबा कायम झाला त्याची गोष्ट

एका तालुक्याच्या गावात एक भोळा शिपाई होता. नाव गेनबा. तिथल्या कॉलेजच्या रसायनशाळेत तो अकरा वर्षं हंगामीच होता. "माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते," असं तो स्वतःच हसत सांगायचा, "पण मावली की हलत नाही!"

तिथे संशोधनासाठी शिंत्रे मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी सल्फ्युरिक ॲसिडची बाटली दाखवून त्यांनी बजावलं, "गेनबा, ॲसिडात पाणी कधी ओतायचं नाही. उसळून अंगावर उडतं. पाण्यात ॲसिड ओतायचं. हळूहळू, ढवळत."

"बरं मॅडम."

दुपारी मॅडम म्हणाल्या, "चहा फार कडक झालाय. थोडं पाणी ओता."

गेनबा दचकला. त्याने माठाचं झाकण काढलं आणि चहा माठात ओतला. हळूहळू, ढवळत.

"अहो, तो नियम ॲसिडचा!"

"चुकलंच मॅडम. डोकं कसलं, रिकामं खोकं आहे माझं."

मॅडमनी त्याला आणखी तीन गोष्टी शिकवल्या. अंगावर ॲसिड सांडलं, की तो भाग पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धरायचा. ॲसिड पाणी शोषून घेतं, म्हणून वस्तू कोरड्या ठेवायला ते कामी येतं. आणि एकदाच केलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवायचा नाही. गेनबाने सगळं घोकलं.

शुक्रवारी प्राचार्यांनी त्याला नोकरी कायम झाल्याचं पत्र दिलं, दोन प्रतींत. "एक तुमची. दुसरीवर सही करून पाचच्या आत परत द्या, नाहीतर जागा रद्द होईल."

रसायनशाळेत परतून गेनबा आनंदाने चहा प्यायला बसला आणि कपातला चहा त्याच्या प्रतीवर सांडला. सांडलं की काय करायचं, हे त्याला पाठ होतं. त्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटं पत्र नळाखाली धरलं. चहा गेला. प्राचार्यांची सहीही गेली. पत्र मात्र ओलंचिंब झालं.

आता ते कोरडं करायला हवं होतं. गेनबाने चष्मा लावला, हातमोजे घातले. ओलं पत्र ॲसिडात टाकावं, तर ॲसिडात पाणी जाणार! इतका काही तो खुळा नव्हता. त्याने पत्र काचेच्या ताटलीत ठेवलं आणि वरून ॲसिड ओतलं. हळूहळू.

पत्राचा कोळसा झाला. अकरा वर्षांची वाट अशी काळीठिक्कर होऊन समोर पडली होती.

पाचाला पाच कमी असताना तो ताटली घेऊन प्राचार्यांपुढे उभा राहिला. शिंत्रे मॅडम तिथेच बसल्या होत्या.

"हे काय आणलंत?"

"पत्र, साहेब. कोरडं झालंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. प्राचार्य माणूस भला. ते म्हणाले, "असू द्या. दुसरी प्रत आहे ना? तिच्यावर सही करा. तुमची नवीन काढून देऊ."

गेनबाने मान खाली घातली. "साहेब, मी मूर्ख खरा, पण मॅडमचा शब्द मोडत नाही. एका प्रयोगावर विश्वास कसा ठेवणार? म्हणून दुसरीवरही चहा सांडला, नळाखाली धरली, ॲसिड ओतलं."

त्याने पाठीमागे धरलेली दुसरी ताटली पुढे केली.

"दोन्ही वेळा कोळसाच आला, साहेब."