ठमा शिंपिणीच्या तीन थैल्या

“तुझ्या नवऱ्यानं ही चिठ्ठी लिहिली नसेल, तर कोणी लिहिली त्याचं नाव सांग. चार दिवस देतो. नाहीतर त्याचा उजवा हात गेला म्हणून समज,” भिवळगडचे चंद्रोजीराजे ठमा शिंपिणीला म्हणाले.

राजे तसे वाईट नव्हते. पण एकदा तोंडातून निघालेला शब्द परत गिळायची त्यांना सवय नव्हती. आणि शिंप्याचा उजवा हातच गेला, तर घरात राहतं काय? सुई आणि दोरा.

झालं होतं असं. राजांच्या पूजेच्या फुलांत एक चिठ्ठी निघाली. ‘कोतवालाची माणसं वेशीवर प्रत्येक टोपलीतून चार वांगी काढून घेतात.’ खाली नाव नाही. कोतवाल अंबाजीराव खवळले आणि माग काढायला निघाले.

चिठ्ठी आली होती ठमाच्या थैल्यांतून. गावातल्या सासुरवाशिणीनं पलीकडच्या पेठेत माहेरी निरोप धाडला, की तो आधी सासूच्या कानावर जायचा. म्हणून ठमानं एकात एक बसणाऱ्या तीन थैल्या काढल्या. तिन्हींची तोंडं शिवलेली. सगळ्यांत वरची परटाची. ती धुण्याच्या गाठोड्यात घालायची. परटानं ती उसवली की आत दुसरी, तिच्यावर घाण्याची खूण. ती तेल्याकडे. तेली दिवसभराच्या थैल्या एका टोपलीत टाकून चांगल्या ढवळायचा, मग उसवायचा. आत तिसरी, माळिणीची. माळीण ती उसवायची तेव्हा कुठं लाखबंद चिठ्ठी निघायची, वर घराची खूण. ती चिठ्ठी माळीण फुलांबरोबर त्या घरी देऊन यायची.

थैली कोणाकडून आली ते परटाला ठाऊक, पण जाणार कुठं ते नाही. माळिणीला जाणार कुठं ते ठाऊक, पण कोणाची ते नाही. तेल्याला दोन्ही ठाऊक नाही, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

कोतवालांनी माळिणीला दरडावलं. ती म्हणाली, तेल्यानं दिली. तेली म्हणाला, “त्या दिवशी सव्वीस होत्या, साहेब. सगळ्या सारख्या. कुठली कुठून आली, कसं सांगू?”

माग तिथंच संपला. पण कोतवाल थांबतात होय? “थैली शिवली कोणी? राघू शिंप्यानं. मग चिठ्ठीही त्यानंच लिहिली.” ठमाच्या नवऱ्याला, राघूला, कोठडीत घातलं. दोन दिवस त्याला विचारलं, तिसऱ्या दिवशी त्यानं कबूल केलं.

आता ठमा राजांपुढं उभी होती. दरबार उठला होता, दोघंच होते.

“सरकार, नाव मला ठाऊक नाही.”

“थैल्या तुझ्या, आणि तुला ठाऊक नाही?”

“मला ठाऊक होत असतं, तर थैल्या शिवायचं कामच नव्हतं.”

राजांना राग आला.

“एक विनंती आहे,” ठमा म्हणाली. “सरकारांनी स्वतः एक चिठ्ठी लिहावी. डाव्या हातानं. स्वतःविषयी काहीतरी वाईट लिहावं. माझ्या थैल्यांत शिवून धुण्यात टाकावी आणि कोणाला सांगू नये. ती फुलांत आली, की कोतवालांना म्हणावं, लिहिणारा शोधा.”

“आणि तो शोधत माझ्यापर्यंत आला तर?”

“तर राघूचा हात सरकारांचा.”

राजे आत गेले. लिहिलं, ‘राजांना पखवाज वाजवता येत नाही. तरी रोज संध्याकाळी वाजवतात.’ हे वाक्य इतक्या चटकन कसं सुचलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा सुई धरली. दोन बोटांना टोचून घेतलं, पण तिन्ही तोंडं शिवली.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी फुलांत निघाली. कोतवालांना हुकूम झाला. कोतवाल खरोखरच हुशार निघाला तर? ठमा घाण्यावर जाऊन आली. तेली म्हणाला, “काल एकतीस होत्या.” तेवढाच तिला धीर.

चौथ्या दिवशी भर दरबारात, ठमाही हजर असताना, कोतवाल आले. मागं दोरीनं बांधलेली तीन माणसं.

“सरकार, लिहिणारा सापडला. तीन सापडले.”

“चिठ्ठी एक आणि लिहिणारे तीन?”

“तिघांनीही कबूल केलंय, सरकार. अंगठे घेतलेत. त्यातला सरकारांनी पसंत करावा.”

राजांनी टोकाच्या मेंढपाळाला विचारलं, “तूच लिहिलंस?”

“व्हय जी.”

“काय लिहिलंस?”

“ते कोतवालसाहेब सांगतील जी. मला लिहाया येत न्हाई.”

“लई पोचलेला आहे, सरकार,” कोतवाल म्हणाले. “लिहिता येत नसताना लिहिलं.”

राजे शांतपणे म्हणाले, “कोतवाल, ती चिठ्ठी मी लिहिली.”

कोतवालांचा हात सवयीनं शाईकडे गेला. “मग... सरकारांचा अंगठा?”

“सोडा त्या तिघांना. राघूलाही सोडा,” राजे म्हणाले. राघू आला. ठमानं आधी त्याचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला, मग तोंडाकडे पाहिलं.

राजांना मात्र आणखी काहीतरी विचारायचं होतं. ते जरा पुढं वाकले. “ठमा, चिठ्ठीत मी लिहिलं, राजांना पखवाज येत नाही... ते खरं आहे का गं?”

सगळा दरबार जमिनीकडे बघू लागला.

“सरकार, असं समोर विचारलंत तर पखवाज फार गोड वाजतो,” ठमा म्हणाली. “खरं हवं असेल, तर गावभर थैल्या वाटते.”

राजे हसायला लागले. पागोटं सुटून खांद्यावर आलं तरी हसतच राहिले. मग त्यांनी ठमाला हिरवा शालू दिला आणि राघूला वाड्याचं सगळं शिवणकाम दिलं. अंबाजीरावांची कोतवाली काढून घेतली आणि त्यांना नवं काम लावून दिलं. रोज संध्याकाळी समोर बसून राजांचा पखवाज ऐकायचा, शेवटपर्यंत.